प्रवाळबेटावर फ्लाय फिशिंगला निघण्यापूर्वी

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसं-धाग्यांचं हलकं नकली भक्ष्य (फ्लाय) लवचीक काठीने (रॉड), जाड दोरीच्या (लाइन) वजनावर फेकून मासे धरणं. त्यासाठी सेशेल्सच्या दूरच्या बेटांवर जायचं ठरलं की आमचे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न रॉडचा विचारतात. किती नंबरचा (नंबर मोठा तितका रॉड दणकट), कुठल्या कंपनीचा, किती तुकड्यांचा. उत्तरं पुढे दिली आहेत. पण तिथे मासा हुकतो तो सहसा रॉडमुळे नाही. तो वेळेवर दिसत नाही, किंवा दिसल्यावर पुढच्या चार-पाच सेकंदांत हात चालत नाहीत. म्हणून या पत्रकात सामानापेक्षा डोळ्यांबद्दल आणि सरावाबद्दल जास्त लिहिलं आहे. आमचा धंदा सामान विकण्याचा असला तरी!

आम्ही सहली लावून देतो त्या मुख्यतः अल्फोन्स बेटावर. माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटापासून नैऋत्येला सुमारे ४०० किलोमीटर, छोट्या विमानाने तासाभराचा प्रवास. धावपट्टी आणि मुक्काम अल्फोन्सवर. मासेमारी मुख्यतः शेजारच्या सेंट फ्रान्स्वा या कंकणाकृती प्रवाळद्वीपाच्या उथळ पाण्यात. तिथे वस्ती नाही. रोज सकाळी मोठ्या बोटीने मधलं खोल पाणी ओलांडायचं आणि लगूनमध्ये (प्रवाळकड्याने वेढलेल्या आतल्या पाण्यात) छोट्या बोटींत विखरायचं. जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो, त्यामुळे हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. सेशेल्सला व्हिसा लागत नाही, मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते.

तारीख निवडताना पंचांग बघा, हे आम्ही गंमतीने म्हणत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. मासे भरतीच्या पहिल्या लोंढ्याबरोबर उथळ भागात घुसतात आणि पाणी ओसरलं की खोलात परततात. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाणी संथ हलतं, उथळ जागी जास्त वेळ चालता येतं. मोठा जीटी हवा असेल तर उधाण, दिवसभर बोनफिशच्या (दोन्ही माशांची ओळख पुढे आहे) मागे निवांत फिरायचं असेल तर भांग, असा आमचा ढोबळ सल्ला. गाइडचं मत वेगळं पडलं तर गाइडचं ऐका.

कोणते मासे, आणि ते कसे दिसतात

बोनफिश बहुधा किलो-दोन किलोचा, आरशासारखा चंदेरी. खालची वाळू त्याच्या अंगावर उमटते, त्यामुळे मासा शोधत बसलात तर दिसणारच नाही. वाळूवर सरकणारी सावली शोधा. गुडघाभर पाण्यापेक्षाही कमी पाण्यात तो तोंड खाली घालून खेकडे-कोळंबी उकरतो, तेव्हा शेपटीचं टोक वर येऊन चमकतं. नवख्यांनी सुरुवात याच्यापासूनच करावी.

जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली, हा बहुतेकांच्या स्वप्नातला मासा. रॉडने धरलेला विक्रमी जीटी ७२.८ किलोचा, जपानमध्ये २००६ साली मिळालेला. उथळ पाण्यात एवढा भेटत नाही. शेपटीच्या बेचक्यापर्यंत मीटरभर भरला तरी तो आयुष्यभर सांगण्यासारखा. याच देशातल्या फार्क्वार बेटावर जीटी पाण्याबाहेर उसळून उडते पक्षी धरतात, यावरून त्याच्या भुकेची कल्पना यावी. उथळ पाण्यात मोठी पाखट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, स्टिंगरे) वाळू ढवळत चाललेली दिसली की तिच्या पाठीवर नीट बघा. तिच्या वरच एखादी काळी आकृती तरंगत असेल तर तो जीटी. पाखटीच्या घुसळण्याने जे काही दचकून पळतं ते त्याच्या तोंडी जातं. फ्लाय पाखटीच्या कडेला टाकायची आणि ओढायला लागायचं, थांबायचं नाही. तो मागे लागलेला दिसला की हात आपोआप मंदावतो. तिथेच घात होतो. पळणारं भक्ष्य शिकाऱ्यासाठी थांबत नसतं.

ट्रिगरफिश हा आमचा लाडका. प्रवाळाच्या तुकड्यांत डोकं खुपसून शेपूट हवेत हलवत बसतो, फ्लायकडे पाच वेळा येऊन नाक लावून परत जातो, आणि लागलाच तर थेट बिळात शिरून लाइन कापतो. दात असे की गळ चपटा करून देतो. मिल्कफिशचा खाक्या उलटा. शेवाळ खाणारा, पृष्ठभागावर तोंड उघडून प्रवाहात चरणारा. त्याच्यासाठी शेवाळासारखी हिरवी फ्लाय नुसती वाहू द्यावी लागते, ओढायची नाही. लागला की तासभर दमवतो. इंडो-पॅसिफिक परमिट नावाचा, फसवायला फार अवघड मासाही तिथे आहे. त्याच्या वाट्याला जायचं तर मन घट्ट करून जा.

सराव

गाइड दिशा घड्याळाने सांगतो. बोटीचं नाक म्हणजे बारा. 'अकरा वाजता, पंधरा मीटर, डावीकडे चाललाय' एवढंच ऐकू येईल, आणि वारा तुमच्या फेकीच्या हातावर असेल. घरून शिकून जायचं ते एवढंच. मोकळ्या मैदानात बारा नंबरचा रॉड घ्या, फ्लाय डाव्या हातात धरा, टोकाबाहेर चार-पाच मीटर लाइन, बाकीची पायाशी मोकळी. मित्राला मध्येच दिशा आणि अंतर ओरडायला सांगा. दोन हेलकाव्यांत फ्लाय त्या जागी पडली पाहिजे. तीस मीटरची देखणी फेक तिथे कामाला येत नाही. वाऱ्यातली पंधरा-अठरा मीटरची रोज कामाला येते. डाव्या हाताने दुहेरी ओढ देणं (रॉड मागे आणि पुढे जाताना प्रत्येक वेळी लाइन खेचणं) जमत नसेल तर आमच्याकडे या, शिकवू. त्याचे पैसे घेत नाही.

दुसरी सवय मोडायची आहे ती नदीवर ट्राउट धरणाऱ्यांची. मासा लागला की ते रॉड वर उचलतात. इथे तसं केलं की फ्लाय माशाच्या तोंडातून निघून येते. रॉडचं टोक पाण्यालगत, माशाकडे रोखलेलं ठेवा आणि डाव्या हाताने लाइन सरळ मागे लांब खेचा. वजन जाणवलं की आणखी एकदा. मग पायाशी पडलेली मोकळी लाइन रीलवर (लाइन गुंडाळायच्या चाकीवर) जाईपर्यंत नजर लाइनवर, माशावर नाही. बोटाभोवती वेढा पडला तर बोट कापलं जातं.

सामान

जीटीसाठी बारा नंबरचा रॉड, बंद ड्रॅगचं (लाइन सुटताना रोध देणारा ब्रेक आत बंदिस्त असलेलं) मोठं रील, ८० पौंडी बॅकिंग (लाइनमागची राखीव दोरी), १०० ते १३० पौंडांचा सरळ लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधला पारदर्शक धागा; पौंड म्हणजे तुटण्याआधी पेलणारं वजन), ६/० गळावरच्या मोठ्या फ्लाय. बाकी सगळ्यांना नऊ नंबर पुरतो. बोनफिशला लीडरचं १६ पौंडांचं टोक आणि सहा-आठ नंबरच्या गळावरच्या कोळंबीसारख्या फ्लाय. रॉड चार तुकड्यांचाच घ्या. छोट्या विमानात वजनाची मर्यादा कडक असते आणि मऊ बॅगच चालते. पोलराइज्ड चष्मे दोन, तांबूस काचेचे, कारण एक हरवला तर पुढचे दिवस तुम्ही आंधळे. जाड तळाचे बूट हवेतच. प्रवाळ धारदार असतात. पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेली पाखट आधीच निघून जाते. सनस्क्रीन लावलेले हात लाइनला लावू नका, तिचं आवरण खराब होतं.

मासा परत सोडणं

तिथे पकडलेला मासा परत सोडायचा असतो. सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाका. आमच्याकडून घेतलेल्या फ्लाय तशाच मिळतील. हात ओले करा, हातमोजे नकोत, मासा पाण्यातच ठेवा. फोटोसाठी उचलायचाच तर कॅमेरा आधी तयार, आणि तोंडातून पाणी निथळणं थांबण्याआधी तो परत पाण्यात. हवेत जास्त वेळ राहिलेला बोनफिश सोडल्यावर तोल सांभाळू शकत नाही, आणि आसपास लेमन शार्क फिरत असतात. शार्क जवळ आला असेल तर मासा थोडा वेळ बोटीच्या आडोशाला धरून ठेवा, मग सोडा.

विमा काढताना त्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते वाचून घ्या. बेटावर प्रथमोपचार मिळतात, मोठी शस्त्रक्रिया नाही. निघण्याच्या महिनाभर आधी रील आणि लाइन आमच्याकडे घेऊन या. जुनी बॅकिंग काढून नवी भरून देऊ, गाठी तुमच्यासमोर ओढून बघू.