एमडीएमपी आणि टीएलपी: बटालियनचं नियोजन कंपनीत उतरतं तेव्हा

अमेरिकी लष्कराच्या नियोजनाबद्दल वाचायला घेतलं की दोन नावं कायम शेजारी शेजारी भेटतात. एमडीएमपी, म्हणजे मिलिटरी डिसिजन-मेकिंग प्रोसेस, आणि टीएलपी, म्हणजे ट्रूप लीडिंग प्रोसिजर्स. पहिली बटालियन आणि त्यावरच्या तुकड्यांसाठी, दुसरी बटालियनच्या खालच्या कंपनीसारख्या तुकड्यांसाठी. (बटालियनमध्ये काही कंपन्या, कंपनीत काही प्लाटून, प्लाटूनमध्ये काही सेक्शन, अशी ही उतरंड.) पहिलीत सात पायऱ्या, दुसरीत आठ. दोन्हींची सुरुवात वरून कामगिरी मिळाल्यावर होते, दोन्हींत शत्रू, जमीन, हवामान, आपलं बळ, वेळ आणि स्थानिक नागरिक यांचा विचार होतो. शेवटी दोन्हींतून पाच परिच्छेदांची ऑपरेशन ऑर्डरच बाहेर पडते: परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, रसद, कमांड आणि संपर्क. एवढं साम्य पाहिलं की टीएलपी म्हणजे एमडीएमपीचीच छोटी आवृत्ती, असं कुणालाही वाटेल. हा समज धरून कंपनी चालवली तर त्याची किंमत पुढच्या फळीतले जवान मोजतात, म्हणून त्याबद्दल नीट बोलायला हवं.

आधी माणसं बघू. एमडीएमपी ही स्टाफ असलेल्या तुकड्यांची पद्धत आहे, म्हणजे बटालियन आणि त्यावरच्या. बटालियन कमांडरकडे शत्रूची माहिती जमवणारा एस-२ असतो, कारवाईची आखणी करणारा एस-३ असतो, रसद पाहणारा एस-४ असतो, आणि या सगळ्यांना वेळापत्रकात बांधून ठेवणारा एक्झिक्युटिव्ह ऑफिसर असतो. कामगिरी हाती घेणं, मिशन ॲनालिसिस (म्हणजे त्या कामगिरीचा बारकाईने अभ्यास), वेगवेगळे पर्याय तयार करणं, प्रत्येक पर्याय वॉरगेममध्ये शत्रूच्या प्रतिचालींसह लढवून पाहणं, पर्यायांची तुलना, कमांडरची मंजुरी आणि आदेश काढणं, असा हा प्रवास आहे. यातल्या मधल्या पायऱ्या पाहा. पर्याय मांडायचे, तपासायचे, त्यांतून एक निवडायचा. सगळी ताकद निवडीवर लावलेली आहे, कारण बटालियनला खरोखरच निवड करायची असते: मुख्य हल्ला कोणत्या बाजूने, राखीव तुकडी कुठे, तोफांचा मारा आधी कुणासाठी.

कंपनी कमांडरकडे असा स्टाफ नाही. एक उपप्रमुख, एक फर्स्ट सार्जंट, प्लाटूनचे लेफ्टनंट, आणि ही सगळी मंडळी दारूगोळा, पाणी, वाहनं, रेडिओच्या बॅटऱ्या यांत गुंतलेली. शिवाय निवडीचा मोठा भाग वरच होऊन गेलेला असतो. कोणती टेकडी, किती वाजता, डावी-उजवी हद्द कुठली, हे बटालियनने सांगितलेलं असतं. कंपनीच्या हातात उरतं ते त्या टेकडीवर चढायचं कसं.

टीएलपीच्या आठ पायऱ्या याच प्रश्नाभोवती रचल्या आहेत: कामगिरी मिळणं, वॉर्निंग ऑर्डर (पुढे येणाऱ्या कामाची आगाऊ सूचना) देणं, कच्ची योजना करणं, हालचाल सुरू करणं, टेहळणी, योजना पक्की करणं, आदेश देणं, आणि देखरेख करत सुधारणा करत राहणं. यात मला सर्वांत बोलकी वाटते ती चौथी पायरी. योजना पक्की होते सहाव्या पायरीला, पण माणसं चौथ्या पायरीलाच हलायला लागतात! एमडीएमपीच्या यादीत जवान हलण्याची पायरीच नाही. आणि टीएलपीत हा क्रमही दगडावरची रेघ नाही. हालचाल आधी होईल, टेहळणी दोनदा होईल, देखरेख तर पहिल्या मिनिटापासून चालू असते.

दोन्ही पद्धतींना जोडणारा धागा म्हणजे वेळ. नियम असा, की उपलब्ध वेळेच्या एक तृतीयांशात आपलं नियोजन उरकायचं आणि दोन तृतीयांश खालच्यांना द्यायचा. समजा, बटालियनला सकाळी ६ वाजता काम मिळालं आणि हल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता आहे. बटालियनने ८ तास घेतले, दुपारी २ वाजता आदेश दिला. नियम पाळला. कंपनीला १६ तास उरले, तिने त्यातले ५ तास २० मिनिटं घेतली, आदेश संध्याकाळी ७:२० ला. तिनेही नियम पाळला. पण तोवर अंधार पडला, आणि ज्या नाल्यातून पुढे सरकायचं तो नाला प्लाटून कमांडरने उजेडात पाहिलेलाच नाही. सेक्शनपर्यंत आदेश पोहोचायला रात्रीचे ११ वाजतात. घड्याळ बरोबर, तरी घात झालाच. म्हणून हिशेब हल्ल्याच्या वेळेपासून उलटा करायचा, आणि तो उजेडाच्या तासांचा करायचा.

यावर उपाय वॉर्निंग ऑर्डरचा आहे. एमडीएमपी चालू असताना बटालियन साधारण तीनदा ती काढते: काम मिळाल्यावर, मिशन ॲनालिसिस संपल्यावर, आणि पर्याय मंजूर झाल्यावर. पहिली सकाळी ७ ला आली तर कंपनी त्याच क्षणी आपली टीएलपी सुरू करते. दोन्ही पद्धती एकामागून एक न चालता बरोबरीने चालतात. अर्धवट माहितीची वॉर्निंग ऑर्डर वेळेवर मिळणं हे दुपारच्या सुबक आदेशापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

वाचलेला वेळ जातो रंगीत तालमीकडे. याचं दुसऱ्या महायुद्धातलं, ब्रिटिश फौजेचं उदाहरण पाहा. ६ जून १९४४ च्या मध्यरात्रीनंतर ग्लायडरने (इंजिन नसलेल्या विमानाने) उतरलेल्या मेजर जॉन हॉवर्डच्या तुकडीने नॉर्मंडीत काँ कालवा आणि ऑर्न नदीवरचे पूल घेतले. कोणते पूल, कधी, कशाने उतरायचं, हे वर ठरलं होतं. हॉवर्डने आपल्या प्लाटूनना इंग्लंडमध्ये एक्सेटरजवळच्या पुलांवर घोटून तयार केलं, इतकं की कोणतीही प्लाटून दुसरीचं काम उचलू शकेल. प्रत्यक्षात सहांपैकी एक ग्लायडर भलत्याच नदीजवळ उतरलं, आणि त्यात हॉवर्डचा उपप्रमुख होता. तरीही दोन्ही पूल हाती आले. त्या रात्री तीन पर्यायांचा तुलनातक्ता कामी आला नसता.

चूक दोन्ही दिशांनी होते. कंपनी कमांडर एमडीएमपीची नक्कल करतो, तीन पर्याय मांडतो, गुण देतो, आणि तालमीचे तास कागदावर घालवतो. ही चूक सगळ्यांना दिसते. दुसरी कमी दिसते: बटालियन कमांडर सगळं स्वतःच्या डोक्यात करतो. जुना, धाडसी कंपनी कमांडर बढतीनंतर असं करू शकतो. मग स्टाफ बसून राहतो, तोफखान्याचा मारा आणि पायदळाची चाल यांची वेळ कुणी जुळवून पाहत नाही, जखमींना मागे आणायचा रस्ता आणि दारूगोळा पुढे न्यायचा रस्ता एकच निघतो. वॉरगेममध्ये हे टेबलावर उघड झालं असतं. वेळ खरंच कमी असेल तर एमडीएमपीतही सोय आहे. कमांडर स्वतः एकच पर्याय ठरवून देतो आणि स्टाफ तेवढ्याचाच वॉरगेम करतो. पर्यायांची संख्या घटली तरी वॉरगेम टिकतो.

कंपनीतही तपासणी सुटत नाही, फक्त ती वेगळ्या जागी होते. कमांडर आपल्या योजनेवर शत्रूची प्रतिक्रिया मनात किंवा सँड मॉडेलवर (वाळूत उभारलेल्या जमिनीच्या प्रतिकृतीवर) खेळून पाहतो, प्लाटून कमांडरांकडून त्यांचं काम त्यांच्याच शब्दांत वदवून घेतो, आणि मग स्वतः जाऊन मशिनगनचा मारा कुठवर पोहोचतो ते जमिनीवर झोपून बघतो.