ऑनलाइन कोर्स बनवून घेण्यापूर्वी: विद्यापीठातल्या विभागांसाठी माहितीपत्रक

विद्यापीठातल्या एखाद्या विभागाचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "आमच्याकडे ऐंशी स्लाइड तयार आहेत, त्यांचा ऑनलाइन कोर्स करून हवाय." स्लाइडना आवाज जोडायचा, खाली 'पुढे'चं बटण लावायचं, की आठवड्याभरात काम होतं. तरी आम्ही ते तसं करून देत नाही. शिकणारा ऐंशी वेळा 'पुढे' दाबतो, शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड करतो आणि हाती नवं काहीच लागत नाही. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो: हा कोर्स केल्यावर माणसाला असं कोणतं काम जमायला हवं, जे आज जमत नाही? याचं उत्तर ठरायला कधी कधी दोन बैठका लागतात. तो वेळ वाया गेला असं आम्हाला आजवर वाटलेलं नाही.

नियमांच्या यादीऐवजी प्रसंग

प्रयोगशाळेतल्या सुरक्षिततेचं मॉड्यूल घ्या. नियमांची यादी सगळ्यांनी वाचलेली असते. आम्ही सुरुवातच एका प्रसंगाने करतो. पडद्यावर ओटा दिसतो, हायड्रोक्लोरिक आम्लाचं चंचुपात्र कलंडतं आणि शेजारच्या मित्राच्या मनगटावर आम्ल सांडतं. आता सर्वांत आधी काय कराल? सोडा शोधून लावाल, हात नळाखाली धराल, की सरांना बोलवायला धावाल? शाळेत उदासिनीकरण शिकलेला हुशार विद्यार्थी हमखास सोड्याकडे वळतो. तिथे आम्ही 'चूक' असा शिक्का मारून पुढे जात नाही. तो सोडा शोधत कपाटं उघडतोय आणि तोवर आम्ल कातडीवरच आहे, हे त्याला पडद्यावर दिसतं. मग तो स्वतःच मागे येतो आणि मित्राचा हात वाहत्या पाण्याखाली धरतो, निदान १५ मिनिटं. हा एक प्रसंग लिहायला दहा स्लाइड बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आमची बरीचशी मेहनत इथेच खर्च होते आणि ती इथेच व्हावी असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न शेवटी न ठेवता अधूनमधून पेरण्यामागेही कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या कोर्सची छोटी उजळणी आठवड्याने पुन्हा येते ती यामुळेच. कृपया ती काढून टाकायला सांगू नका.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचे व्हिडिओ पाहिले गेल्याच्या ६९ लाख नोंदी तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये आला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ (निम्मे लोक त्याहून कमी पाहतात, निम्मे जास्त) सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. प्राध्यापकांनी आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने सांगितलेलं लोक स्टुडिओतल्या महागड्या चित्रीकरणापेक्षा जास्त वेळ पाहत होते. तेव्हा स्टुडिओची चिंता सोडा, तासाभराचं व्याख्यान मात्र तोडावं लागेल.

'पूर्ण' या शब्दाचा अर्थ

ऐच्छिक कोर्स लोक अर्धवट सोडतात. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या २०१२ मधल्या पहिल्या खुल्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नाव नोंदवलं आणि प्रमाणपत्रापर्यंत सुमारे ७ हजार पोहोचले. सक्तीच्या कोर्समध्ये उलटं होतं: सगळ्यांच्या नावापुढे 'पूर्ण' लागतं आणि कोण काय शिकलं ते कळत नाही. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात हा दुसरा धोका मोठा. परीक्षा विभागातल्या माणसाला खिडकीवरच्या गर्दीतून जेमतेम दहा मिनिटं मिळतात. वीस वर्षं गोपनीय कागद सांभाळणाऱ्याला 'गोपनीयता म्हणजे काय' इथपासून शिकवणं हा त्याचा अपमान आहे. म्हणून आम्ही सुरुवातीलाच चाचणी ठेवतो. ज्याला येतं, त्याचे ते भाग वगळले जातात.

नोंदीची तांत्रिक बाजू मात्र नीट समजून घ्या, कारण तक्रारी तिथूनच येतात. बहुतेक शिक्षण-पोर्टल, म्हणजे ज्या संकेतस्थळावर कोर्स चालतो ती, स्कॉर्म या ठरावीक पद्धतीने शिकणाऱ्याच्या प्रगतीची नोंद घेतात आणि तिची २००१ सालची १.२ ही आवृत्ती अजून सर्रास चालते. तिच्यात शिकणारा कुठवर आला हे लिहून ठेवायला फक्त ४०९६ अक्षरांची जागा आहे. लांबलचक मॉड्यूलमध्ये ती भरली की काही पोर्टल पुढची नोंद घेतच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन करणारा मागच्याच पानावर येऊन पडतो. आमच्या एका सुरुवातीच्या कोर्समध्ये आमचीही चूक झाली होती: नोंद शेवटच्या पानावरच पाठवली जायची. ज्यांनी पडद्यावरची कोर्सची खिडकी त्याआधी फुली दाबून बंद केली, ते सगळे 'अपूर्ण' राहिले. त्यांतल्या एक ग्रंथालय सहायक बाईंनी तो कोर्स तीनदा केला होता. तेव्हापासून प्रत्येक भाग संपताच नोंद जाते आणि एकेक मॉड्यूल आम्ही लहानच ठेवतो.

कोर्स सर्वांना वापरता यावा यासाठी डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांची एए (तीन पातळ्यांतली मधली) पातळी आम्ही पाळतो: व्हिडिओला उपशीर्षकं, चित्रांना वर्णन, माउसशिवाय फक्त कीबोर्डवर सगळं चालणं, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उजळपणाचा फरक. यासाठी वेगळी मागणी करावी लागत नाही.

काम सुरू करताना तुमच्याकडून जुन्या स्लाइड आणि पोर्टलचं नाव व आवृत्ती हवी. मजकुराबद्दल शंका आली तर उत्तर देईल असा एक माणूसही हवा. समिती नको, एकच माणूस. याखेरीज तुमच्या विभागात खरोखर घडलेल्या दोन-तीन चुका, नावं वगळून, लिहून पाठवा. प्रसंग त्यांतूनच तयार होतात. पहिला भाग तयार झाला की तुमच्याच पाच-सहा जणांना तो वापरायला देतो आणि ते कुठे अडतात हे शेजारी बसून पाहतो. काम संपल्यावर मूळ फाइल तुमच्या ताब्यात असतात. पुढे नियम बदलला, तर एखादं वाक्य तुम्हीच बदलू शकता. ते कसं करायचं, हे आम्ही तासाभरात शिकवतो.