जास्वंदीवरच्या दोन पिठ्या ढेकणांची ये-जा

जास्वंदीचा शेंडा आवळून मुठीसारखा झाला, पाने चुरगळली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या आणि फांदीवर मुंग्यांची रांग दिसली, की कापसासारख्या पांढऱ्या पुंजक्यांचा शोध घ्यावा. हेच पिठ्या ढेकूण. फांदीतला रस शोषून ते चिकट गोड पदार्थ बाहेर टाकतात, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्यावरच पुढे काळी बुरशी माजते. पुंजका बोटाने चिरडला असता रंग गुलाबी निघाला तर कीड बहुधा आपल्याकडची जुनी, पिवळा निघाला तर ती परदेशातून आलेली असण्याची शक्यता अधिक.

गुलाबी पिठ्या ढेकणाचे, म्हणजे मॅकोनेलिकोकस हिर्सुटसचे, पहिले शास्त्रीय वर्णन 1908 मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून झाले. द्राक्षबागायतदारांना तो चांगलाच ठाऊक आहे. पण आपल्याकडे त्याला खाणारे आणि त्याच्या शरीरात अंडी घालणारे कीटकही पूर्वापार असल्याने झाडेच्या झाडे वाळून जाण्याची वेळ सहसा येत नाही. हे शत्रू मागे ठेवून तो परदेशी गेला, तेव्हा मात्र त्याचे खरे रूप दिसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कैरोच्या रस्त्यांवरील शिरीषाच्या सावलीच्या झाडांची त्याने दैना केली. 1994 मध्ये तो कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर आढळला आणि जास्वंदीच्या कुंपणांपासून मोठ्या वृक्षांपर्यंत सगळीकडे पसरला. शेजारच्या बेटांनी ग्रेनाडाची फळे-भाजी घेणे थांबवले, त्यामुळे बागेतल्या किडीचा प्रश्न थेट व्यापाराचा होऊन बसला.

फवारणीचा फारसा उपयोग होत नव्हता, कारण अंगावरच्या मेणचट थरामुळे औषध आतपर्यंत पोहोचत नाही आणि आवळलेल्या शेंड्यात तर मुळीच शिरत नाही. शिवाय मित्रकीटक मरतात ते वेगळेच. अखेर अनॅगिरस कमाली ही चीनमधली सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी तेथे सोडण्यात आली. क्रिप्टोलीमस जातीचे भुंगेरेही नेले गेले आणि त्यांतले काही भारतातून गेले होते. गंमत अशी, की हा भुंगेरा मुळात आपला नव्हेच: कॉफीवरील खवले किडीसाठी तो 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला होता. त्या किडीवर त्याचा फारसा प्रभाव पडला नाही, पण पिठ्या ढेकणांवर तो येथे टिकून राहिला.

पिवळ्या रंगाचा पपईवरील पिठ्या ढेकूण, पॅराकोकस मार्जिनेटस, नेमका उलट दिशेने आला. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तेथे त्याचा उपद्रव इतका कमी, की त्याचे शास्त्रीय वर्णनसुद्धा थेट 1992 मध्ये झाले. पुढच्या काही वर्षांत तो कॅरिबियन बेटांवर पसरला, 1998 मध्ये फ्लोरिडात जास्वंदीवर सापडला आणि 2008 मध्ये कोइम्बतूरला पोहोचला. नाव पपईचे असले तरी जास्वंद, चाफा आणि तुतीही त्याला चालतात. त्यातच गाजर गवतावरही तो वाढतो, त्यामुळे बागेतली झाडे स्वच्छ केली तरी कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत तो शिल्लक राहतो. दोनेक वर्षांत तो महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांतही पसरला होता.

येथेही उत्तर किडीच्या मूळ प्रदेशाकडेच शोधावे लागले. 2010 मध्ये प्वेर्तो रिकोतून तीन परोपजीवी कीटक बंगळुरूला आणून वाढवण्यात आले आणि मग बागांत सोडले गेले. त्यांपैकी असेरोफॅगस पपाये ही जात सर्वांत प्रभावी ठरली. लांबी एक मिलिमीटरहूनही कमी; तिची मादी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते आणि पूर्ण वाढ झालेला कीटक वाळलेल्या कवचाला गोल भोक पाडून बाहेर पडतो. अशी भोके दिसणारी फांदी फवारू नये, हे सांगूनही बहुतेकांना पटत नाही.

क्रिप्टोलीमसची अडचण आणखी वेगळी आहे. त्याची अळी अंगभर पांढऱ्या मेणाचे झुबके घेऊन फिरते आणि भोवतालच्या पिठ्या ढेकणांपेक्षा आकाराने मोठी असते, त्यामुळे जास्वंद साफ करायला बसलेला माळी सगळ्यांत आधी तिलाच चिरडतो.