कॉम्प्युटरने काढलेली चिठ्ठी

गणपती जवळ आले की नाशिकच्या कॉलनीकॉलनीत लकी ड्रॉची कुपनं फिरू लागतात. हल्ली मंडळातला इंजिनीअरिंगचा एखादा विद्यार्थी सी भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमने विजेते काढतो. ‘कॉम्प्युटरने काढलंय, शंकाच नको,’ असं लोक म्हणतात. शंका जरूर घ्यावी. सीमधलं ‘रँड’ हे अंदाज न येणारे वाटणारे आकडे देणारं फंक्शन नशीब बघत नाही, ठरलेलं गणित करतं. ‘एसरँड’ या फंक्शनने बीज, म्हणजे त्या गणिताची सुरुवातीची संख्या, दिली नाही, तर सीच्या प्रमाणानुसार (भाषेच्या अधिकृत नियमांनुसार) बीज १ धरलं जातं, मग त्या मशीनवर प्रोग्रॅम कधीही चालवा, तेच आकडे त्याच क्रमाने येतात.

आतलं गणित फार देखणं आहे. गुणाकार करून बाकी घ्यायची ही कल्पना गणितज्ञ डी. एच. लेहमर यांनी १९४९ मध्ये मांडली; बेरीज नंतर जोडली गेली. छोटा नमुना घ्या: हातातल्या संख्येला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी ठेवा. १ पासून निघालं की ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, ७, ६ आणि परत १. सोळाही संख्या एकेकदा येतात. हातातली ती एक संख्या म्हणजे जनित्राची, म्हणजे असे आकडे काढणाऱ्या यंत्रणेची, ‘स्थिती’. ती कळली की पुढचं सगळं कळलं. आता सम-विषम पाहा: विषम, सम, विषम, सम! भाजक २ चा घात असला आणि गुणक व मिळवायची संख्या विषम असली की शेवटचा बिट (संख्येचा ० किंवा १ असलेला सर्वांत खालचा अंक) असाच झोके घेतो. म्हणून सीच्या प्रमाणातला नमुना ११०३५१५२४५ ने गुणून १२३४५ मिळवतो, पण उत्तर देताना खालचे १६ बिट टाकून देतो.

नेहमीची चूक म्हणजे घड्याळाची वेळ बीज म्हणून लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत देणं. ती वेळ बहुधा सेकंदात मोजलेली असते, त्यामुळे त्या सेकंदातल्या प्रत्येक फेरीत स्थिती मूळपदावर येते आणि तोच आकडा पडतो. बीज प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच द्यावं. बीज म्हणून भाग्यांक दिल्याने कुणाचं भाग्य उजळत नाही. भाग्यांक विकणाऱ्यांचं तेवढं उजळतं.

दुसरी अडचण अशी, की रँडची स्थिती लायब्ररीत दडलेली असते. दुसऱ्या फंक्शनने रँड बोलावलं की तीही सरकते. त्यापेक्षा स्वतःचं जनित्र लिहून स्थिती आपल्या स्ट्रक्चरमध्ये (माहिती एकत्र ठेवण्याच्या चौकटीत) ठेवावी आणि पॉइंटरने, म्हणजे तिचा पत्ता देऊन, पुढे द्यावी. मंडळाने कुपनं विकून झाल्यावर सर्वांसमोर फासे अनेकदा टाकून बीज ठरवावं, फळ्यावर लिहावं आणि आधीच जाहीर केलेला प्रोग्रॅम त्यावर चालवावा. मग कुणालाही घरी तोच ड्रॉ चालवून विजेता पडताळता येईल.