चालत्या सर्व्हरखालून यंत्र काढताना

बँकेच्या ॲपवरून तुम्ही पैसे पाठवता, पडद्यावर दोन सेकंद चक्र फिरतं आणि व्यवहार झाल्याचा संदेश येतो. तेवढ्यात तुमची विनंती हाताळणारा सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेलेला असू शकतो. तुम्हाला त्याचा पत्ता लागत नाही, आणि त्या सर्व्हरमधल्या ऑपरेटिंग सिस्टीमलाही लागत नाही.

हे जमतं, कारण तो सर्व्हर व्हर्च्युअल असतो. खऱ्या यंत्रावर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. ते प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्क यांची वाटणी करून एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र कॉम्प्युटर उभे करतं. कल्पना जुनी आहे. आयबीएमने मेनफ्रेम म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य कॉम्प्युटरसाठी व्हीएम/३७० हे सॉफ्टवेअर १९७२ सालीच जाहीर केलं होतं. साध्या सर्व्हरचे प्रोसेसर मात्र या कामासाठी घडवलेले नव्हते. १९९९मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने सॉफ्टवेअरच्या युक्त्या वापरून त्यावर मात केली, आणि २००५-०६पासून इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच ती सोय दिली.

बँकांना याची गरज होतीच. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर असे आणि तोही पगाराच्या दिवसाची गर्दी पेलेल एवढ्या ताकदीचा. एरवी तो बराचसा रिकामा बसे, वीज मात्र खात राही. पण माझ्या मते खरा फायदा या काटकसरीत नाही. काम यंत्रापासून सुटं झालं, हा खरा फायदा.

चालता सर्व्हर हलवतात तो प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. डिस्क दोन्ही यंत्रांना सामाईक असेल, तर हलवायची असते मुख्यतः मेमरी. सर्व्हर काम करत असतानाच तिची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे, नव्या यंत्राकडे जाऊ लागतात. दरम्यान जी पानं बदलतात त्यांची हायपरवायझर नोंद ठेवतो आणि तेवढीच पुन्हा पाठवतो. सहसा दर फेरीला उरलेली पानं कमी होत जातात. शेवटी अगदी थोडी राहिली, की सर्व्हर क्षणभर गोठवतात, ती पानं आणि प्रोसेसरची स्थिती पलीकडे पोचते आणि काम तिथून पुढे सुरू होतं. नवं यंत्र नेटवर्कला कळवतं, ‘हा पत्ता आता माझ्याकडे आहे.’ या प्रवासात खातेदारांची माहितीही तारेवरून जात असते, म्हणून हा मार्ग वेगळा आणि सांकेतिक लिपीत ठेवावा लागतो. अशी सोय असल्यामुळे खराब होऊ घातलेलं यंत्र भरदिवसा, सेवा बंद न ठेवता दुरुस्तीला काढता येतं.

यंत्र अचानक बंद पडलं तर मात्र त्यावरचे सगळे सर्व्हर एकदम कोसळतात. बाकीच्या यंत्रांवरचे हायपरवायझर ते आपल्याकडे नव्याने सुरू करतात, पण त्याला वेळ लागतो. म्हणून एकाच सेवेचे दोन सर्व्हर कधीही एका यंत्रावर ठेवायचे नाहीत, असा नियमच घालून दिलेला असतो. सर्व्हरांमधली भिंतही अभेद्य नसते. २०१५मध्ये ‘व्हेनम’ नावाची त्रुटी उघड झाली. ती होती फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या जुन्या कोडमध्ये. फ्लॉपी वापरातून गेली तरी कोड तसाच राहिला होता, आणि त्यातून एका व्हर्च्युअल सर्व्हरमधून बाहेर पडून मूळ यंत्रावर हात टाकणं शक्य होतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती स्नॅपशॉटची. बदल करण्याआधी सर्व्हरची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवायची आणि बिघडलं तर मागे जायचं, ही सोय वेब सर्व्हरसाठी उत्तम. पण १२ वाजता घेतलेल्या स्नॅपशॉटवर खात्यांचा डेटाबेस १२.४० वाजता मागे नेला, तर मधल्या ४० मिनिटांचे व्यवहार त्याच्या लेखी घडलेच नाहीत. दुसऱ्या बँकेत पैसे तर केव्हाच जमा झालेले! म्हणून डेटाबेस प्रत्येक बदल आधी आपल्या लॉगमध्ये, म्हणजे क्रमवार नोंदवहीत, उतरवतो, त्या लॉगची प्रत दुसऱ्या ठिकाणी जात राहते, आणि बिघाडानंतर जुनी प्रत घेऊन त्यावर लॉगमधल्या नोंदी शेवटच्या पक्क्या व्यवहारापर्यंत ओळीने पुन्हा चढवल्या जातात.