अँटिबायोटिकचा कोर्स परवडत नसेल तर कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे

मेडिकलच्या काउंटरवर हे रोज दिसतं. चिठ्ठीवर सात दिवसांचा कोर्स असतो, दुकानदार आकडा सांगतो, समोरचा माणूस खिशातल्या नोटा मोजतो आणि हळू आवाजात म्हणतो, "सध्या दोन दिवसांच्याच द्या." दोन दिवसांत ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या आणायच्या राहून जातात. मला हे पाहवत नाही, कारण त्याच गोळ्या स्वस्तात किंवा फुकट मिळण्याच्या सोयी आपल्याकडे आहेत. कोर्स किती दिवसांचा, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तो पूर्ण परवडेल कसा, एवढंच आपण बघायचं.

सुरुवात डॉक्टरांच्या केबिनमध्येच करा. चिठ्ठीवर एखाद्या कंपनीच्या ब्रँडचं नाव असेल, तर औषध नियमांप्रमाणे दुकानदाराला त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचं तेच औषध स्वतःच्या मनाने देता येत नाही. म्हणून उठण्याआधी विनंती करा, "डॉक्टर, ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहाल का?" म्हणजे 'अमॉक्सिसिलिन ५०० अधिक क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५' असं. यात संकोच नको. डॉक्टरांनी जेनेरिक, म्हणजे हे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं वैद्यक परिषदेच्या नियमातच २०१६ पासून आहे. परवडत नाही हेही तिथेच सांगा. बऱ्याचदा त्याच आजारावर चालणारं स्वस्त औषध डॉक्टरांना माहीत असतं. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, तारीख, औषधाची ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवस आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, बघून घ्या. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येतात. ती देताना दुकानदाराला डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय ती मागूच नका.

ही चिठ्ठी घेऊन आधी जन औषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं जेनेरिक औषधांचं दुकान गाठा. इथे उत्पन्नाची अट नाही. रेशनकार्ड, दाखला, नोंदणी काही लागत नाही. देशभरात १५,०००हून जास्त केंद्रं आहेत आणि ब्रँडेड औषधांच्या मानाने किंमत साधारण ५० ते ८० टक्क्यांनी कमी असते. स्वस्त म्हणजे हलकं, ही शंका मनातून काढा. प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांकडे जाते. अडचण येते ती साठ्याची. हवं ते औषध नेमकं त्या दिवशी नसतं. 'जनौषधी सुगम' ॲपवर जवळचं केंद्र शोधा आणि फोन करून मगच निघा.

तेही जमत नसेल तर सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केस पेपर, तपासणी आणि औषधं मोफत आहेत, श्रीमंत-गरीब भेद न करता. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र यात धरू नका, तिथले नियम वेगळे. 'हे बाहेरून आणा' असं सांगितलं गेलं तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. तक्रारीसाठी १०४ हा नंबर आहे. क्षयरोगाची औषधं तर सरकारी केंद्रात पूर्ण मोफत मिळतात, ती विकत आणत बसू नका.

खरा घाम फुटतो तो रुग्ण दाखल असताना. मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिवसातून तीनदा असतं, आणि नातेवाइकांच्या हातात रोज नवी चिठ्ठी पडते. अशा वेळी आधी विचारा, हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य या राज्याच्या मोफत उपचार योजनेत आहे का आणि हा आजार पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेतल्या उपचारांच्या यादीत बसतो का? बसत असेल तर औषधं पॅकेजमध्येच येतात, वेगळे पैसे घेता येत नाहीत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता पांढरं रेशनकार्डवालेही पात्र आहेत. रेशनकार्ड किंवा अधिवास दाखला आणि आधारसारखं फोटो ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला भेटा. घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही पॅकेजमध्ये धरलेला असतो, म्हणून डिस्चार्जच्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांबद्दलही त्यालाच विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

धर्मादाय, म्हणजे ट्रस्टचं रुग्णालय असेल तर आणखी एक दार आहे. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. निर्धन रुग्णाला औषधंही मोफत. दुर्बल घटकाला ती रुग्णालयाच्या खरेदी दराने लावायची असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार हे कागद घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे जा. दाखला मिळायला दिवस जातात, तेव्हा घरातल्या कुणाला तरी पहिल्याच दिवशी त्या कामाला लावा. पगार महिना २१,००० पर्यंत असून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, तर ईएसआयच्या दवाखान्यात औषधं मोफत आहेत.

साध्या मेडिकलमधूनच घ्यायचं झालं तर चिठ्ठीप्रमाणे मोजून घ्या. २१ गोळ्यांसाठी दहाच्या तीन स्ट्रिप गळ्यात पडत असतील तर कापून मागा. बॅच नंबर आणि एक्सपायरी लिहिलेलं पक्कं बिल घ्या. औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर एनपीपीए या औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या १८०० १११ २५५ वर तक्रार करता येते.

आणि दोन दिवसांच्या गोळ्या आधीच आणून झाल्या असतील, तर रिकामी स्ट्रिप टाकू नका. ब्रँडच्या नावाजवळ औषधाचं मूळ नाव आणि ताकद छापलेली असते. ती डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा, उरलेला कोर्स जेनेरिकमध्ये लिहून घ्या आणि पुढच्या डोसची वेळ व्हायच्या आत जन औषधीतून घेऊन या.