ऑस्की (वैद्यकीय परीक्षापद्धती)

ऑस्की म्हणजे ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याला रुग्ण प्रत्यक्ष हाताळता येतो का, हे छोट्या-छोट्या स्टेशनांवर पाहणारी परीक्षा. सगळ्यांना तीच स्टेशने, तेवढीच मिनिटे आणि तीच चेकलिस्ट. घंटा वाजली की पुढचे स्टेशन. एका ठिकाणी रक्तदाब मोजायचा, दुसरीकडे एक्स-रे वाचायचा, तिसरीकडे आईला ओआरएस कसे द्यायचे ते सांगायचे. परीक्षक शेजारी बसून खुणा करतो. मध्ये बोलत नाही, निदान बोलू नये अशी अपेक्षा असते.

ही पद्धत स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी सहकाऱ्यांसह मांडली. त्यांचा लेख 1975 साली प्रसिद्ध झाला. त्याआधी सारा भर लाँग केस (एकच रुग्ण सविस्तर तपासणे), शॉर्ट केस (थोडक्यात तपासणे) आणि व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षेवर होता. एकाला बोलका रुग्ण मिळे, दुसऱ्याला सकाळपासून दहा जणांनी तपासून वैतागलेला. शिवाय एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या महाविद्यालयाचा परीक्षक, कोण आला आहे यावरही बरेच अवलंबून असे. ऑस्कीने नशिबाचा हा भाग पुष्कळ कमी केला. शरीरक्रियाशास्त्रासारख्या विषयांतील तिच्या भावंडाला ऑस्पी म्हणतात.

भारतात 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि ऑस्कीचे नाव सर्वत्र ऐकू येऊ लागले. खान्देशात धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुने. जळगावचे शासकीय महाविद्यालय 2018 मध्ये, तर नंदुरबारचे 2020 मध्ये सुरू झाले. तिन्ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

या भागाला साजेसे स्टेशन म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे समुपदेशन. सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत हा आजार आढळतो. समोर नवरा-बायकोची भूमिका करणारे दोघे, दोघेही वाहक, म्हणजे स्वतःला आजार नाही पण मुलाला देऊ शकतात असे. विद्यार्थ्याने सांगायचे ते हे, की प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के. पुष्कळ जण घाईत ‘चारांतल्या एकाला होतो’ म्हणून मोकळे होतात. चेकलिस्टवर खूण पडते. पण ज्यांचे पहिले मूल आजारी आहे, ते यातून पुढची तीन सुखरूप असाच हिशेब करतात. म्हणून ‘मी काय सांगितले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ हे विचारले का, याला वेगळा गुण हवा. अनुभवी परीक्षक चेकलिस्टच्या जोडीला एकूण कामगिरीचा ठोकळ दर्जाही नोंदवतात, तो याचसाठी.

भाषेचा प्रश्न तर चेकलिस्टमध्ये मावतच नाही. रुग्ण म्हणून बसवलेली व्यक्ती ‘पोटात दुखतंय’ म्हणते. ओपीडीतली आजी अहिराणीत म्हणते ‘पोटमा दुखस’, आणि धडगावकडून आलेली बाई पावरीत बोलते. लातूर-कोल्हापूरहून आलेला विद्यार्थी तिथे नातेवाइकाच्या तोंडाकडे पाहत राहतो. स्थानिक माणसाला बसवून त्याला त्याच्याच बोलीत बोलू द्यावे, हा सोपा उपाय. फक्त प्रत्येक विद्यार्थ्यापुढे त्याने तीच तक्रार त्याच क्रमाने सांगावी, एवढी तालीम आधी करून घ्यावी लागते.

मुख्य अडचण मनुष्यबळाची. वीस स्टेशने म्हटली की निम्म्यांवर तरी परीक्षक बसवावा लागतो, आणि त्याच सकाळी ओपीडीही चालूच असते. त्यामुळे ऑस्की बहुधा अंतर्गत परीक्षेत होते. विद्यापीठाच्या अंतिम प्रात्यक्षिकात लाँग केसचे वजन अजून टिकून आहे. ते अगदीच वाईट म्हणता येत नाही. पाच मिनिटांच्या तुकड्यांत गुडघा, छाती, पोट वेगवेगळे तपासता येते. अर्धा तास एकाच माणसापाशी बसून त्याच्या दुखण्याची संगती लावणे तिथे होत नाही.